सुगीची बेडी

घणबाईनं घण उचलला की समोरच्या चहावाल्याच्या बरणीतली बिस्किटं आपोआप मोडायची. तो म्हणायचा, माझं निम्मं नुकसान उंदरांनी केलं आणि निम्मं या बाईनं. चढणीवरच्या गावातले लोक तर सांगायचे की हिचा घाव ऐकून आमच्या कोंबड्या दचकून अंडी टाकतात, आणि ज्या दिवशी भट्टी बंद त्या दिवशी खुराडं रिकामं. कोंबड्यांचं कोंबड्या जाणोत. पण चढणीच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला लोहाराची भट्टी होती आणि तिथला घण बाईच्या हातात असायचा, हे मात्र डोळ्यांनी बघावं असं होतं. लोहाराचा उजवा खांदा बैलगाडीखाली सापडून कायमचा खाली आला होता. तेव्हापासून तो डाव्या हातानं सांडशी धरून लोखंड फिरवायचा आणि ही मारायची. तिचे दंड असे होते की बांगड्या कोपराच्या वर कधी चढल्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस असून नसल्यासारखा झाला. पिकं गुडघ्याएवढीच राहिली आणि एकदम वाळली. असलं पीक थांबत नाही. कणसाला वारा लागला तरी दाणे गळतात. त्यामुळं साऱ्यांना विळे एकदमच हवे होते. कुणाचे दाते झिजलेले, कुणाची मूठ हललेली, कुणाचा विळा भावकीच्या भांडणात मधोमध वाकलेला. भट्टीपुढच्या मोकळ्या जागेत विळ्यांची रास पडायची आणि ज्याचा त्याला आपला बरोबर ओळखू यायचा.

नेमकी त्याच जागेवर एका सकाळी ट्रक आला आणि विळ्यांची रास पायानं बाजूला सारून माणसांनी एक दगड उतरवला. चांगला उभा, काळा, गुळगुळीत, वर गोणपाट गुंडाळलेलं. मागून जीपमधून एक साहेब उतरले. त्यांच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या की डोळे काचेच्या आत पोहताहेत असं वाटायचं. घणबाईनं तिथल्या तिथं त्यांचं नाव चष्मा ठेवलं.

चष्मा चांगल्या स्वभावाचा होता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला शिवी देता येते. त्यानं हसत हसत सांगितलं की या सगळ्या रस्त्यावर जिथं जिथं इतिहास घडला तिथं तिथं सरकार दगड बसवतंय, आणि तुमचं भाग्य थोर, एक दगड तुमच्या दारात आलाय. मग आणखी गोड होऊन म्हणाला की भट्टी तेवढी हलवावी लागेल. धुरानं दगड काळा पडेल.

"दगड काळाच आहे की," घणबाई म्हणाली.

"अक्षरं पांढरी आहेत, बाई."

मग त्यानं समजावून सांगितलं. इथं लोक गाड्या थांबवणार, दगड वाचणार, फोटो काढणार. फोटोत मागं हे असलं बरं दिसत नाही. हे असलं म्हणताना त्यानं हात गोल फिरवला. त्या हाताच्या फेऱ्यात भाता आला, कोळशाचा ढीग आला, दोरीवरचं तिचं लुगडं आलं आणि भिंतीला टेकून बसलेले तिचे सासरेही आले. म्हाताऱ्यांचे डोळे भट्टीकडं बघून बघून गेले होते. त्यांना हात दिसला नाही. हिला दिसला. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

लोहारानं तोवर हात जोडले होते. सुगी तेवढी होऊ द्या साहेब, म्हणत होता. चष्मा म्हणाला, कार्यक्रम तर सुगीच्या आधीच आहे, मोठे पाहुणे येणार आहेत.

म्हाताऱ्यांनी विचारलं, दगडावर लिहिलंय काय. चष्म्यानं आनंदानं गोणपाट वर केलं आणि वाचून दाखवलं. मोठ्या दुष्काळात थोरल्या मालकांना रयतेची कणव आली. त्यांनी भुकेल्यांच्या हाताला काम दिलं. रयतेनं आनंदानं खपून ही चढण फोडली आणि रस्ता केला. त्यांच्या उदार स्मृतीस वंदन.

म्हातारे भिंतीपासून जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "बेड्यांचं पुढच्या बाजूला लिहिलंय का मागच्या?"

"कसल्या बेड्या, बाबा?"

म्हातारे थुंकले. दिसत नसल्यामुळं थुंकी दगडापासून वीतभर अलीकडं पडली, त्याचं घणबाईला फार वाईट वाटलं.

आता कसल्या बेड्या ते त्या भागात शेंबड्या पोराला विचारलं तरी सांगेल. दुष्काळात लोकांनी बियाण्याची मूठ मूठ जपून ठेवली होती. थोरल्या मालकांनी तीही मागितली. ज्यांनी दिली नाही त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि चढणीवर दगड फोडायला लावलं. बाया होत्या, म्हातारे होते. सांगणारे सांगतात की रात्री चढण उतरताना बेड्यांचा असा आवाज यायचा की पलीकडच्या गावाला वाटायचं लग्नाची वरात चाललीय, आणि पोरं जेवायच्या आशेनं धावत सुटायची. हे जरा वाढवून सांगितलेलं असेल. पण ती वरात परत निम्मीच यायची, ते वाढवून सांगितलेलं नाही. जे पडले ते तिथंच रस्त्याच्या भरावात गेले. बेडीसकट गेले, कारण काढत बसायला वेळ नव्हता.

आणि त्या बेड्या घडवल्या होत्या याच भट्टीवर. लोहाराच्या खापरपणजोबानं. त्यालाही धाक होता, त्याचीही पोरं होती, सगळं खरं. पण रस्ता झाल्यावर सुगीला लोक विळे घेऊन आले, तेव्हा त्याचा हात उचलेना. त्यानं एक बेडी घडवली, स्वतःच्या पायात घालून खिळा ठोकून घेतला आणि बसून राहिला. म्हणाला, तुमच्यापैकी कुणी तोडली तर विळ्याला हात लावतो, नाहीतर लावत नाही. लोक दिवसभर नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी एक बाई पुढं आली. तिचा नवरा त्या भरावात होता. तिनं बेडीवर छिन्नी धरली.

तेव्हापासून हे चालत आलंय. सुगीचा पहिला विळा भट्टीत घालण्याआधी लोहारानं पायात बेडी घालायची, आणि ज्यांच्या घरचे बेडीत होते त्यांच्यातल्या कुणीतरी येऊन ती तोडायची. बेडी तुटल्याशिवाय विळा नाही. कुणी भाषण करत नाही, कुणी रडत नाही. बेडी तुटली की लोक म्हणतात, चला, आधी माझा घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक स्वतः आले. थोरल्या मालकांचे पणतू. अंगानं भरलेले, पायात पांढरे मऊ बूट, बोलणं असं की समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवूनच सुरुवात. लोहाराच्या पडलेल्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि लोहार कळवळला तरी हसला.

मालक म्हणाले, भट्टी कशाला हलवायची, आपल्याच माणसांची आहे. मी साहेबांशी बोलतो. वर पत्रा नवा घालून देतो. फक्त एक करायचं. तुमची ती बेडीची रीत आहे ना, ती त्या दिवशी पाहुण्यांसमोर करायची. लोहारानं पायात बेडी घालायची आणि ती मी तोडणार. थोरल्या मालकांनी रयतेच्या बेड्या तोडल्या, असं मी दोन शब्द बोलेन. जुनं कशाला उगाळायचं, आता सगळं चांगलंच सांगावं.

घणबाईच्या हातात तेव्हा घण होता. तिनं तो खाली ठेवला, कारण तो हातात ठेवणं बरं नव्हतं.

"तोडल्या?" ती म्हणाली. "कुणी?"

"अगं, तू आत जा," लोहार म्हणाला.

"आत म्हणजे कुठं? भट्टीत?"

मालक हसले. जाता जाता आणखी एक सांगून गेले, की त्या दिवशी घण दुसऱ्या कुणा गड्याकडं द्या. बाईच्या हातात घण, पाहुण्यांना चमत्कारिक वाटेल. आणि बाबांना तेवढा दिवस कुणा पाहुण्याकडं पाठवा. थुंकतात ते.

मालकांची गाडी दिसेनाशी झाली आणि नवराबायकोची जुंपली. भांडण असं की चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला, ऐकू यावं म्हणून. ती म्हणाली, तुमच्या खापरपणजानं लाजेपोटी पायात लोखंड घातलं, आणि तुम्ही पत्र्यासाठी ते मालकांच्या हाती देणार. तो म्हणाला, लाज खाऊन पोट भरत नाही. इथून उठलो तर जायचं कुठं? साऱ्या गावांच्या पायवाटा इथं येऊन मिळतात, बाजूला ओढ्याचं पाणी आहे. दुसरीकडं कोण येणार विळे घेऊन? माझा खांदा हा असा. तुला काय वाटतं, मला राग येत नाही? मला राग येतो तेव्हा खांदा दुखतो आणि राग तिथंच राहतो.

यावर ती जास्तच चिडली. तिनं मोडक्या नांगराचा फाळ भट्टीत घातला आणि तो सरळ करता करता इतका पातळ केला की त्याची सुरी झाली. नांगरवाला आल्यावर काय सांगायचं हा लोहाराला नवा घोर.

पुढचे दिवस नुसते अंगावर आले. विळे येत राहिले, पण बेडी आता कार्यक्रमाच्या दिवशीच तुटायची होती म्हणून एकालाही हात लावता येईना. लोक येऊन राशीकडं बघून जायचे. शेतात दाणे गळायला लागले होते. चष्मा रोज यायचा. त्यानं भट्टीच्या भिंतीला चुना लावून घेतला. कोळशाच्या ढिगावर हिरवं कापड टाकलं, वर कुंड्या ठेवल्या. घणबाईला कोळसा हवा असला की आधी कुंडी उचलावी लागायची. तिच्यासाठी नवं लुगडं आलं, आणि ते देताना चष्मा म्हणाला की हात जरा झाकतील असा पदर घ्या. म्हाताऱ्यांना न्यायला मालकांची गाडी आली. ते म्हणाले, मला दिसत नाही, मला कुठंही बसवा, मी बघणारच नाही. पण त्यांना उचलूनच नेलं. गाडीत बसताना त्यांची एक चप्पल खाली राहिली. ती हातात घेऊन घणबाई रस्त्यावर उभी राहिली, आणि तिला वाटलं की ही चप्पल कुणाच्या तरी तोंडावर मारली नाही तर आपला हातच सडेल.

कार्यक्रमाच्या सकाळी मांडव उभा राहिला. खुर्च्या आल्या. खुर्च्यांच्या मागं उन्हात गावोगावचे लोक उभे राहिले, सगळे मालकांच्या माणसांनी बोलावून आणलेले. पुढं बोळकी आजी होती. तोंडात एक दात नाही, पण बोलणं अजून चावरं. पहिली बेडी तोडणाऱ्या त्या बाईच्या घरातली ती नातसून. तिच्या सासूनं, आजेसासूनं बेडी तोडलेली, तिनंही कितीतरी वेळा तोडलेली. या वर्षी तिला नको म्हणून सांगितलं होतं. ती तरी आली होती, आणि कमरेला विळा खोचलेला होता.

दगडावरचं कापड ओढलं. टाळ्या झाल्या. मोठे पाहुणे घामानं निथळत होते आणि कधी संपतंय असं बघत होते. मालक बोलायला उभे राहिले. थोरल्या मालकांनी रयतेच्या बेड्या कशा तोडल्या ते त्यांनी इतकं मन लावून सांगितलं की त्यांचे स्वतःचेच डोळे भरले. घणबाई नवं लुगडं नेसून ऐरणीपाशी उभी होती. घणासाठी आणलेला गडी शेजारी उभा होता आणि घणाकडं साप बघावा तसा बघत होता.

बेडी तिनं पहाटेच घडवून निवत ठेवली होती. लोहार खाली बसला. त्यानं पाय पुढं केला. टाचेला भेगा, घोट्यापाशी दरवर्षीचा काळा वळ. घामाघूम पाहुण्यांनी जरा वाकून विचारलं, ही कुणाच्या पायात घालतात?

लोहारानं तोंड उघडलं. पण घणबाई आधी बोलली, आणि तिचा आवाज असा गोड निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"ज्यांच्या नावाचा दगड, त्यांच्या घरच्यांच्या पायात, साहेब. मान त्यांचा."

"वा," पाहुणे म्हणाले. "सुंदर. मग या ना, मालक."

फोटोवाले लगेच गुडघ्यावर बसले. मालक हसत होते, पण हसू चेहऱ्यावर ठेवून बाकीचा चेहरा मागं सरला होता. नको म्हणावं तर पाहुणे टाळ्या वाजवताहेत. त्यांनी लोहाराकडं बघितलं. लोहार आपला पाय मागं घेऊन उठून उभा राहिला होता. तो म्हणाला, "बसा मालक. जागा ऊबदार आहे."

मालक बसले. पांढरा बूट निघाला, मोजा निघाला. आतला पाय लोण्यासारखा होता. घणबाईनं घोट्याला ओलं फडकं गुंडाळलं, वर बेडी सरकवली, भोकात खिळा घातला आणि हातोडीचे घाव असे घातले की फोटोवाल्यांना कळलंच नाही कुठला टिपायचा. तिनं खिळ्याचं डोकं अंगठ्यानं चाचपलं. बसलं होतं.

"झालं, आता तोडा," मालक म्हणाले.

घणबाईनं ऐरणीवर छिन्नी ठेवली. घण ऐरणीला टेकवून उभा केला आणि हात लुगड्याला पुसले. भट्टीच्या भिंतीवरच्या चुन्याचे पांढरे डाग नव्या लुगड्यावर उठले.

"ज्यांच्या घरचे बेडीत होते त्यांनी तोडायची," ती म्हणाली. "ते आलेत सगळे. या कुणीतरी."

कुणी हललं नाही. वरून ऊन ओतत होतं. मागची माणसं जिथं उभी होती तिथंच हळूहळू खाली बसली, जशी भट्टीपुढं आपल्या पाळीसाठी बसतात. चष्म्याचे डोळे काचेमागं सैरावैरा पोहत होते. त्यानं मालकांच्या ड्रायव्हरला करवत आणायला सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, करवत गाडीत आहे, पण माझी आजी बसलीय तिकडं, ती मला घरात घेणार नाही.

मालक लोहाराला म्हणाले, तू तरी तोड.

लोहार म्हणाला, "आम्हाला तोडता येत नाही, मालक. आम्ही नुसती घडवतो."

मोठ्या पाहुण्यांना आठवलं की त्यांना पुढं जायचंय. त्यांची गाडी गेली, मागोमाग खुर्च्यांवरचे गेले. मालक ओरडून म्हणाले की अरे, तुमची पिकं गळताहेत, तुमचं तुम्हाला कळत नाही का. बोळकी आजी म्हणाली, गळताहेत खरी. तुमचीही गळताहेत, कापणारे आम्हीच आहोत.

मग ती उठली. विळ्याचा आधार घेत घेत भट्टीपाशी आली आणि मालकांच्या पुढ्यात उकिडवी बसली. या मालकांना तिनं लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

"बाळा, मी तोडते," ती म्हणाली. "पण ही पायात का घालतात, ते सांग."

मालक खाली बघत राहिले. पायाला रग लागली होती. फडकं वाळलं होतं आणि लोखंड उन्हानं तापलं होतं. त्यांनी काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हटलं.

"ऐकू आलं नाही."

"आमच्या पणजोबांनी लोकांना बेड्या घातल्या," मालक म्हणाले.

"कशासाठी?"

"बियाणं दिलं नाही म्हणून."

"आणि?"

घणबाईनं घण उचलला. काही मारण्यासाठी नव्हे, नुसता उचलून खांद्यावर घेतला. मालकांनी रस्त्याच्या भरावाकडं हात केला. "आणि तिथं पुरलं."

बोळकी आजीनं फडक्याची घडी बेडीखाली सारली आणि खिळ्यावर छिन्नी धरली. घणबाईनं एक घाव घातला. एकच. चहावाल्याची उरलीसुरली बिस्किटं गेली.

मालक उठले. पायात बूट न घालताच गाडीपर्यंत गेले. दार लावायच्या आधी त्यांनी चष्म्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आजच्या आज मशीन पाठव, संध्याकाळी इथं भट्टी दिसता कामा नये.

लोहारानं मांडवाचं कापड ओढून बाजूला टाकलं. घणबाईनं कुंड्या लाथेनं उडवल्या, हिरवं कापड फाडलं, कोळसा भट्टीत लोटला. लोहार भात्याला बसला. तिचा राग उतरला नव्हता. तिला माहीत होतं की भट्टी राहत नाही. दगडावरची अक्षरं आहेत तशीच पांढरी होती आणि उद्या गाड्या थांबून लोक तीच वाचणार होते. तिनं पदर खोचला, दंड उघडे टाकले.

ऊन कलता कलता मशीन आलं. पिवळं, दात असलेलं, रस्ता हादरवत. आणि येऊन थांबलं, कारण पुढं जायला वाट नव्हती. भट्टी आणि मशीन यांच्यामध्ये सगळी माणसं पाळीसाठी बसली होती. बाया, बाप्ये, म्हातारे. कुणी मशीनकडं वळूनही बघितलं नाही. आमचे विळे व्हायचेत, एवढंच कुणीतरी म्हणालं.

मशीनवाला खाली उतरला. विळ्यांची रास ओलांडत ओलांडत तो ऐरणीपर्यंत आला आणि घसा साफ करून त्यानं विचारलं, "मावशी, अजून किती वेळ लागेल?"

घणबाईनं भट्टीत बघितलं. घण खाली टेकवून तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"पहिलाच तापतोय," ती म्हणाली.